अल्पवित्त संग्राहक आणि इंद्रजालाचे ८०३ अंक

संग्रह हा शब्द उच्चारला की सामान्यतः श्रीमंताचा दिवाणखाना डोळ्यांपुढे उभा राहतो. जुनी नाणी, सचित्र हस्तलिखिते, दुर्मिळ आवृत्त्या ह्या ज्याच्यापाशी द्रव्य आहे त्याच्याच घरी जावयाच्या, असा लोकांचा समज आहे, आणि तो पुष्कळ अंशी खराही आहे. परंतु छापील कागदाच्या इतिहासात ह्याच्या नेमका उलट प्रकारही आढळतो. जी वस्तू विकत घेताना कोणी मौल्यवान मानली नाही आणि वाचून झाल्यावर जी निःशंकपणे रद्दीत घातली गेली, ती राखण्याची बुद्धी धनिकास सहसा होत नाही. कारण तिच्यात राखण्यासारखे काही आहे हेच त्यास दिसत नाही. ती राखली जाते खाऊचे पैसे वाचविणाऱ्या मुलांकडून, आणि पुढे संसाराच्या जमाखर्चातून दोनचार रुपये बाजूस काढणाऱ्या प्रौढांकडून. इंद्रजाल कॉमिक्स ह्या चित्रकथामालेचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

टाइम्स ऑफ इंडिया हे वृत्तपत्र चालविणाऱ्या मुंबईच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने मार्च १९६४ मध्ये ह्या मालेचा पहिला अंक काढला. त्यातील कथा ली फॉक ह्या अमेरिकन लेखकाच्या फॅन्टम ह्या नायकाची होती. अमेरिकेतील वृत्तपत्रांतून फॅन्टमची चित्रमाला १९३६ साली सुरू झाली होती, आणि त्याच लेखकाचा जादूगार मॅन्ड्रेक त्याच्याही दोन वर्षे आधी, म्हणजे १९३४ साली, अवतरला होता. इंद्रजालाचे आरंभीचे अंक केवळ फॅन्टमचे होते. पुढे मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर आदी मंडळी आळीपाळीने येऊ लागली. माला इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली इत्यादी भाषांतूनही निघे, आणि मराठी वाचकांस फॅन्टम हा वेताळ ह्या नावाने परिचित झाला. १९९० मध्ये ती बंद पडली, तोपर्यंत एकंदर ८०३ अंक प्रसिद्ध झाले होते. श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी ह्यातील काही अंक कधी ना कधी येऊन गेले असतील. परंतु ते सगळेच्या सगळे एका फळीवर उभे आहेत असे घर विरळाच.

असे का व्हावे, ह्याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. पहिल्या अंकाची किंमत ६० पैसे होती. माला मासिक होती तोवर वर्षाचे १२ अंक ७ रुपये २० पैशांत मिळत. हट्टी मुलाने आणि प्रेमळ मामाने मिळून हा खर्च पेलणे अशक्य नव्हते. १९६७ पासून माला पाक्षिक झाली. २४ अंकांचे १४ रुपये ४० पैसे झाले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ती साप्ताहिक झाली, तेव्हा जुनीच किंमत धरली असती तरी वर्षाच्या ५२ अंकांस ३१ रुपये २० पैसे पडते; आणि किंमत तर जुनी राहिली नव्हतीच. म्हणजे मालेची लोकप्रियता जसजशी वाढली, तसतसा अल्पवित्त वाचक संपूर्ण संचापासून दूर जाऊ लागला. ज्या आवडीमुळे अंक वारंवार निघू लागले, तीच आवड असलेल्या मुलास ते सर्व घेणे परवडेनासे झाले, हा ह्या प्रकरणातील मोठाच विरोध आहे.

ह्या विरोधातून मध्यमवर्गाने आपला मार्ग काढला. आळीत एकाने अंक घ्यावा आणि सर्वांनी वाचावा. शाळेत एक देऊन दुसरा घ्यावा. अथवा नाक्यावरच्या छोट्या वाचनालयातून थोडक्या पैशांत एका दिवसाकरिता भाड्याने आणावा. वाचनाची भूक ह्याने भागली, परंतु अंकांची मात्र दुर्दशा झाली. वृत्तपत्री कागद मुळातच अल्पायुषी. त्यास टोचलेल्या तारेच्या टाचण्या दोन पावसाळ्यांत गंजत आणि मुखपृष्ठ गळून पडे. उरलेले काम वाळवी आणि वार्षिक परीक्षा ह्या दोघींनी मिळून केले. परीक्षा जवळ आली की घरातील वडील माणसांनी ती "चित्रांची पुस्तके" रद्दीवाल्याच्या तराजूत घालावी, हा तर जवळजवळ कुळाचारच होता. काही जाणत्या मुलांनी दहावीस अंक एकत्र करून त्यांची बांधणी करून घेतली. बांधणाऱ्याने कडा छाटल्या, क्वचित मुखपृष्ठेही काढून टाकली. आजचे चोखंदळ संग्राहक अशा बांधीव खंडांस नाके मुरडतात. परंतु सुटे अंक गेले आणि बांधलेले राहिले, हेही तितकेच खरे आहे.

आता प्रश्न असा की संपूर्ण संचाचा आग्रह तरी कशासाठी धरावा? उत्तम कथा निवडून ठेविल्या तर पुरे नाही काय? केवळ मनोरंजनासाठी पुरे आहेत, इतिहासासाठी नाहीत. मूळ अमेरिकन कथेत फॅन्टमचे राज्य बंगाला नामक कल्पित देशात होते. ते नाव बंगालशी जुळते, म्हणून इंद्रजालाने त्या देशास डेंकाली केले. मूळ कथेतील सागरी चाच्यांच्या टोळीचे नाव सिंग असे होते. ते येथील वाचकांच्या भावना ध्यानात घेऊन सिंगा झाले. ठराविक पानांत कथा बसवावयाची म्हणून मूळ मालेतील कित्येक चौकटी कापल्या गेल्या. आणि बारा वर्षे परदेशी नायकांवर चाललेल्या ह्या मालेत डिसेंबर १९७६ मध्ये बहादूर हा भारतीय नायक अवतरला. डाकूच्या पोटी जन्मास येऊन डाकूंचाच सामना करणाऱ्या ह्या तरुणाची कल्पना आबिद सुरती ह्यांची, आणि चित्रे गोविंद ब्राह्मणिया ह्यांची. मालेची अनेक मुखपृष्ठेही ह्याच चित्रकाराने रंगविली होती. परक्या वस्तूस घरचे वळण कसे लावले गेले, आणि अखेर घरचीच वस्तू घडविण्याचे धैर्य कधी आले, हे निवडक दहा अंकांवरून कळत नाही. ते क्रमाने लावलेल्या संपूर्ण रांगेवरूनच कळते.

येथे अल्पवित्त संग्राहकापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. तो अंक एकेक करून जमवितो, अनुक्रमांक तपासतो, आणि त्यास आढळून येते की १२२ आहे, १२५ आहे, परंतु १२३ आणि १२४ काही केल्या मिळत नाहीत. तो गावोगावच्या रद्दीवाल्यांस विचारतो, परगावच्या स्नेह्यांस पत्रे लिहितो, त्या दोन अंकांसाठी पैसे साठवून ठेवतो. वस्तुस्थिती अशी की हे दोन अंक कधी निघालेच नाहीत; त्या वेळी संस्थेत संप झाला होता. अनुक्रमांक ८०५ पर्यंत जातात आणि अंक ८०३ च भरतात, त्याचे कारण हे. पुढे ऐंशीच्या दशकात सलग अनुक्रमांकाऐवजी वर्ष आणि अंक अशी दुहेरी गणना सुरू झाली, तेव्हा घोटाळ्यात आणखी भर पडली. ज्यास हे ठाऊक नाही, तो अस्तित्वात नसलेल्या वस्तूच्या शोधात आपली तुटपुंजी शिल्लक घालवून बसण्याचा संभव आहे.

दुसऱ्या एका प्रसिद्ध मालेतही असाच फसवा प्रकार आहे. इंद्रजालाच्या प्रारंभकाळी टाइम्सच्या संस्थेत काम करणारे अनंत पै ह्यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसच्या आश्रयाने अमर चित्र कथा ही माला उभी केली. तिच्या इंग्रजी अंकांत कृष्ण हा पहिला. परंतु त्याचा क्रमांक ११ आहे. आधीचे दहा क्रमांक कानडीत निघालेल्या पाश्चात्त्य परीकथांस दिलेले होते. इंग्रजी संचात एक ते दहा शोधणारा मनुष्य जन्मभर शोधीत राहील.

ह्यावरून जो धडा निघतो तो हा की अल्पवित्त संग्राहकाचे पहिले भांडवल पैसा नव्हे, यादी होय. काय छापले गेले, केव्हा, कोणत्या क्रमांकाने आणि काय छापले गेलेच नाही, हे ज्यास ठाऊक आहे, त्याचा एक रुपया अजाणत्या धनिकाच्या दहा रुपयांचे काम करतो. मराठीस ही गोष्ट नवी नाही. शंकर गणेश दाते ह्यांनी १८०० ते १९३७ ह्या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा प्रत्येक ग्रंथ त्यांच्या मालकीचा नव्हता. परंतु तो कोठेतरी होता ही नोंद त्यांनी मराठी भाषेच्या मालकीची करून ठेविली. इंद्रजालाच्या बाबतीत हेच काम हौशी वाचकांनी परस्परांच्या फळ्या ताडून, एकमेकांच्या चुका दुरुस्त करीत पार पाडले. ज्यांच्यापाशी पाचपन्नासच अंक होते, अशांचाही त्या यादीत वाटा आहे.

यादी हाती आल्यावर उरते ती चिकाटी आणि संयम. भाषा एकच धरावी. सर्व भाषांचा लोभ धरणारा कोणतीच पुरी करू शकत नाही. प्रथम वाचनीय प्रत घ्यावी, मग ती मळकी का असेना. चांगली प्रत मिळेल तेव्हा जुनी दुसऱ्यास द्यावी. एकेक अंक शोधण्यापेक्षा बंद पडणाऱ्या वाचनालयाचा गठ्ठा घ्यावा, कारण गठ्ठ्यातील दुबार प्रती हेच गरिबाचे चलन आहे आणि त्यांच्या बदल्यात हवे ते मिळते. मुंबईत हुतात्मा चौकाच्या आसमंतातील पदपथ, पुण्यात अप्पा बळवंत चौक, दिल्लीत दर्यागंजचा रविवारचा बाजार, ह्या ठिकाणी अशा व्यवहारांनी पिढ्या घडविल्या आहेत. तथापि रद्दीवाल्यासही ह्या कागदाचा भाव कळला, तेव्हापासून तराजू मागे पडला आणि एकेका अंकाची किंमत स्वतंत्र ठरू लागली. संचाचा पूर्वार्ध स्वस्तात जमतो. शेवटच्या काही अंकांस मात्र तेवढेच द्रव्य लागते. तेथे कोठे थांबावयाचे हे ज्यास कळते, तोच कर्जबाजारी न होता संग्राहक राहू शकतो. दहा अंक उणे असलेला संच हा काही पराभव नव्हे. कोणते दहा उणे आहेत हे जो अचूक सांगू शकतो, त्याचा संच ज्ञानाच्या बाजूने पूर्णच असतो.

परंतु मराठी अंकांच्या बाबतीत एवढ्याने समाधान मानून चालणार नाही. इंग्रजी कथा नष्ट होण्याचे फारसे भय नाही. मूळ माला अमेरिकेत पुन्हा पुन्हा छापली गेली आहे, आणि भारतातही इंद्रजालानंतर डायमंड कॉमिक्सने ह्याच नायकांच्या कथा काढल्या. परंतु वेताळाने मराठीत जे भाषण केले, ते त्या पिवळ्या पडलेल्या मराठी अंकांतच आहे. परक्या अरण्यातील हेरास आणि चाच्यास मराठी बोलावयास लावणारे अनुवादक, फुग्याएवढ्या जागेत वाक्य बसविणारा अक्षरलेखक, मुखपृष्ठाचे रंग, मागच्या पानावरच्या जाहिराती, ह्यांची दुसरी प्रत अमेरिकेत कोठे सापडावयाची नाही. नव्याने छापलेली कथा हे साहित्य परत देऊ शकत नाही. शेवटचा मराठी अंक ज्या दिवशी लगद्यात जाईल, त्या दिवशी दोन पिढ्यांच्या मुलांनी वाचलेल्या मराठीचा एक कोपरा कायमचा अंधारात जाईल.

म्हणून माळ्यावरची पेटी झाडून काढताना मुखपृष्ठ नसलेला एखादा अंक हाती लागला, तर तो तराजूत घालण्यापूर्वी त्याचा क्रमांक पाहून घ्यावा. संचास नेमका तोच हवा असण्याचा संभव आहे. आणि तो ज्यास हवा आहे, त्याच्या खिशात बहुधा फार पैसे नाहीत.