अमृतकुंडाचा प्रवास

परमेश्वर एक आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा अनेक, हें वाक्य आपल्याकडे लहान मूलही बोलतें. परंतु एका वाटेनें चालणाऱ्यानें दुसऱ्या वाटेवरील पाणी प्यावें कीं नाहीं, आणि प्यावयाचें तर कसें, ह्या प्रश्नाचें उत्तर इतकें सोपें नाहीं. सकाळीं प्राणायाम, दुपारीं बौद्ध ध्यान आणि रात्रीं सूफी नामस्मरण असा कार्यक्रम आंखण्यास वेळ लागत नाहीं. त्यांतील एक साधना अंगीं मुरण्यास मात्र आयुष्य लागतें.

हिंदुस्थानांत हा प्रश्न नुसत्या वादविवादाचा राहिला नाहीं. योग्यांची एक पोथी मुसलमान साधकांच्या हातीं आली. परकी विद्या घेतांना त्यांनीं काय स्वीकारलें, काय टाळलें आणि कोठें ठेंच खाल्ली, हें त्या पोथीच्या इतिहासावरून चांगलें समजतें. पोथीचें नांव 'अमृतकुंड'.

मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. त्याचें अरबी भाषांतर 'हौज-उल्-हयात' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. 'हौज' म्हणजे आपला 'हौद'च. कुंडाचा हौद झाला, एवढेंच. भाषांतराच्या प्रस्तावनेंत एक कथा आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीं कामरूपांतील एक योगी बंगालच्या लखनौती शहरीं आला, तेथील काजी रुक्नुद्दीन समरकंदी ह्याच्याशीं त्यानें वाद केला, अखेर इस्लाम स्वीकारला आणि आपली विद्या काजीस दिली. ही कथा इतिहास म्हणून घ्यावी असें संशोधकांस वाटत नाहीं. परंतु ग्रंथ खरा आहे. त्याचे दहा अध्याय असून पिंडब्रह्मांडाचा विचार, डाव्या-उजव्या नाकपुडीच्या श्वासाचे नियम, आसनें, मृत्यूचीं पूर्वचिन्हें असे योग्यांचे विषय त्यांत आहेत. पुढें त्याचीं फारसी, तुर्की आणि उर्दू भाषांतरेंही झालीं.

भाषांतरकारापुढें मोठी अडचण होती. गोरखनाथ आणि मच्छिंद्रनाथ हीं नांवें अरबी वाचकास काय सांगणार? त्यानें युक्ति काढली. गोरख म्हणजे अमर वाटाड्या खिज्र, आणि मच्छिंद्र म्हणजे माशाच्या पोटांत राहिलेला यूनुस पैगंबर, असें त्यानें लिहिलें. मच्छिंद्रनाथांची मत्स्यकथा ज्या महाराष्ट्रांत घरोघर वाचली जाते, तेथें ह्या जोडीचें मर्म ताबडतोब कळेल. मंत्रांशेजारीं त्यानें ईश्वराचीं अरबी नांवें ठेवलीं. अशा समीकरणांनीं परक्या माणसाची भीति जाते, हा त्यांचा गुण. परंतु खिज्र निराळा आणि गोरख निराळा, हें विसरलें म्हणजे दोघांचीही ओळख पुसट होते, हा त्यांचा दोष.

योग्यांच्या विद्येविषयीं सूफींमध्यें कुतूहल होतें, तसा विवेकही होता. दिल्लीचे चिश्ती संत नसीरुद्दीन चिराग हे सन १३५६ मध्यें वारले. सिद्धयोगी मोजून श्वास घेतात, ह्याचा उल्लेख ते शिष्यांपुढें आदरानें करीत. त्यांचे शिष्य सय्यद महंमद गेसूदराज ह्यांचें बालपण दौलताबादेस गेलें. त्यांच्या वडिलांची कबर खुलदाबादेस आहे. उतारवयांत गेसूदराज गुलबर्ग्यास येऊन राहिले आणि सन १४२२ मध्यें तेथेंच त्यांचा अंत झाला. योग्यांप्रमाणें श्वास रोखण्याचा अभ्यास साधकास उपयुक्त आहे, असें त्यांनीं मान्य केलें. पण त्याबरोबर बंधनें घातलीं : हा अभ्यास योग्यांच्या इतका प्रत्येकास झेपेल असें नाहीं, जो करील त्यानें आहार कमी ठेवावा आणि ब्रह्मचर्य पाळावें. म्हणजे त्यांनीं साधन घेतलें तें पथ्यासह घेतलें. औषध उसनें आणावें आणि पथ्य मात्र वैद्याच्या घरीं ठेवून यावें, असा प्रकार त्यांनीं केला नाहीं.

ह्या परंपरेंतील सर्वांत मोठें नांव ग्वाल्हेरच्या शेख महंमद घौस ह्यांचें. ते शत्तारी पंथाचे. तरुणपणीं चुनारच्या डोंगरांत बारा वर्षें झाडपाला खाऊन त्यांनीं तप केलें, असें इतिहासकार बदाऊनी लिहितो. त्यांचे बंधु शेख फूल हे बादशहा हुमायूनच्या विश्वासांतले. सन १५४० मध्यें शेरशहानें हुमायूनचा पराभव केल्यावर महंमद घौसांस ग्वाल्हेर सोडून गुजरातेंत आश्रय घ्यावा लागला. तेथें सन १५५० च्या सुमारास त्यांनीं 'अमृतकुंडा'चें नवें फारसी रूप सिद्ध केलें. त्याचें नांव 'बहर-उल्-हयात', म्हणजे जीवनाचा सागर.

हौदाचा सागर कसा झाला, हें पाहण्यासारखें आहे. अरबी भाषांतरांत आसनें अवघीं पांच होतीं. महंमद घौसांनीं एकवीस दिलीं. ही भर प्रत्यक्ष योग्यांच्या परंपरेची चांगली ओळख असल्यावांचून घालतां येणें शक्य नव्हतें. आसन योग्यांचें, आणि जागोजागीं त्याशीं जोडलेलें स्मरण मात्र शत्तारी साधकाचें, अशी त्यांची रचना आहे. ग्रंथकर्त्याचें मुसलमानपण त्यामुळें ढळलें नाहीं, आणि विद्या योग्यांची आहे हें त्यानें लपविलेंही नाहीं.

असें असूनही गुजरातेंत त्यांच्या जिवावर बेतलें. आरोप मात्र आसनांचा किंवा प्राणायामाचा नव्हता. तरुण वयांत आपल्यास स्वर्गारोहणाचा अनुभव आला, असें त्यांनीं लिहून ठेवलें होतें. मिराज, म्हणजे स्वर्गारोहण, हा महंमद पैगंबरांचा विशेष मान. तेव्हां विद्वान् अली मुत्तकी ह्यांनीं महंमद घौसांस देहान्त शासन व्हावें असा निर्णय दिला. अहमदाबादचे थोर पंडित वजीहुद्दीन अलवी ह्यांनीं मात्र त्यांची बाजू घेतली आणि पुढें त्यांचें शिष्यत्वही पत्करलें. त्यामुळें संकट टळलें. एकवीस आसनांनीं जें झालें नाहीं तें एका अनुभवाच्या उच्चारानें झालें. ध्यानांत जें दिसतें तें गुरूजवळ बोलावें, चवाठ्यावर मांडूं नये, हा सर्व पंथांतील वृद्धांचा उपदेश किती व्यवहारी आहे, हें येथें दिसतें.

पुढें ते उत्तरेस परतले. हिजरी ९६६, म्हणजे सन १५५८-५९ मध्यें, ते आग्र्यास होते. बदाऊनीस त्यांच्या दर्शनाची इच्छा झाली. पण हे शेख हिंदूंसही उठून मान देतात असें कळतांच त्यानें तो बेत सोडला. बदाऊनीनें हें दोष म्हणून नोंदलें. आज तीच नोंद महंमद घौसांच्या थोरवीची साक्ष ठरली आहे. ज्यांची विद्या घेतली त्यांच्यासाठीं आसनावरून उठण्याइतका विनय ह्या पुरुषाजवळ होता.

सन १५६३ मध्यें ते निवर्तले. ग्वाल्हेरची त्यांची कबर दगडी जाळ्यांसाठीं प्रसिद्ध आहे, आणि तिच्या शेजारींच तानसेनाची समाधि आहे. त्यांच्यामागें सुमारें चाळीस वर्षांनीं अलाहाबादेस शहाजादा सलीम, म्हणजे पुढील जहांगीर, ह्याच्या पदरीं 'बहर-उल्-हयात'ची एक सचित्र प्रत तयार झाली. तींत एकवीस आसनांतील योग्यांचीं चित्रें आहेत. ती प्रत डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयांत आहे.

महाराष्ट्रासही हा मार्ग अपरिचित नाहीं. श्रीगोंद्याचे शेख महंमद सूफी परंपरेंतले. त्यांनीं सन १६४५ मध्यें 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठींत रचला, आणि मराठी संतमंडळींत त्यांस मानाचें स्थान मिळालें.

ह्या सर्व इतिहासाचें तात्पर्य काय? ज्यांनीं परकी साधना पचविली त्यांनीं आधीं आपल्या एका साधनेंत दीर्घ काळ घालविला होता. पाय घट्ट असल्यावर त्यांनीं हात पुढें केला. त्यांनीं एका वेळीं एकच गोष्ट घेतली, ती जाणत्याकडून पारखून घेतली, तिचें पथ्य पाळलें आणि तिच्या धन्याचें नांव पुसलें नाहीं. आजचें वैद्यकशास्त्रही सांगतें कीं लांब उपवास, जागरण, श्वासनिरोध आणि अखंड ध्यान ह्यांनीं कांहीं माणसांची झोंप उडते, भय वाढतें, क्वचित् मनाचा तोलही जातो. अशीं चिन्हें दिसतांच साधना थांबवावी, जाणत्यास विचारावें आणि वैद्यास भेटावें. ह्यांत कमीपणा मुळींच नाहीं. गुलबर्ग्याच्या संतानें सहाशें वर्षांपूर्वीं आपल्या शिष्यांस हेंच बजावलें होतें : दुसऱ्यास जेवढें झेपतें तेवढें आपल्यास झेपेलच असें नाहीं.