आडोशाला तगलेले एअरशिप

एअरशिप म्हटले की डोळ्यांसमोर येते ते जळते हिंडेनबर्ग. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतल्या लेकहर्स्ट येथे उतरताना ते पेटले, ३६ माणसे गेली, आणि हायड्रोजनच्या आगीने या वाहनाचा कायमचा निकाल लावला असे तेव्हापासून सांगितले जाते. या कथेत दिवाणखान्यात रिमोटवर फिरणाऱ्या मीटरभर लांबीच्या ब्लिंपला, म्हणजे आत सांगाडा नसलेल्या एअरशिपला, एकच जागा उरते: एका थोर घराण्याचा खेळण्यापुरता राहिलेला वंशज. ही मांडणी मला मुळातूनच पटत नाही. एअरशिपचा खरा वैरी वारा होता, आग नव्हे. छताखाली तर ते अगदी सुरुवातीपासून उडत आले आहे, आणि तिथेच ते माणसाचे सर्वांत जास्त ऐकते.

हवेपेक्षा हलक्या उड्डाणाची पहिली पाने भिंतींच्या आतच लिहिली गेली. ऑगस्ट १७०९ मध्ये लिस्बनच्या राजवाड्यात, ब्राझीलमध्ये जन्मलेल्या बार्तोलोमेउ दे गुझ्मांव या पाद्र्याने राजा पाचवा जुआंव याच्यासमोर कागदाचा छोटा फुगा गरम हवेवर चढवून दाखवला. नोव्हेंबर १७८२ मध्ये जोसेफ माँगोल्फिएने आव्हिन्यों गावातल्या आपल्या खोलीत तलम रेशमी कापडाची पोकळ पेटी केली, तिच्याखाली कागद पेटवला आणि ती छताला जाऊन टेकली. माँगोल्फिए बंधूंचे आनोने येथले जाहीर उड्डाण त्यानंतर सात महिन्यांनी झाले. १७८२ मध्येच लंडनमध्ये टिबेरियस काव्हालो हायड्रोजनने भरलेले साबणाचे बुडबुडे वर सोडत होता. कागदाच्या पिशवीत तोच वायू भरला की तो कागदाच्या सूक्ष्म छिद्रांतून निघून जाई. वायू धरून ठेवणारी पिशवी कशाची करायची, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला आणि आजच्या खेळण्यापर्यंत तो सुटता सुटलेला नाही.

या फुग्यांना दिशा देण्याचा प्रश्न मात्र वेगळा, आणि त्यावर सर्वांत बोलका पुरावा १८८१ सालच्या पॅरिसमधला आहे. विद्युत प्रदर्शन भरलेल्या भव्य दालनात गास्तों तिसांदिए याने एक लहान एअरशिप उडवून दाखवले. लांबी साडेतीन मीटर, पोटात सुमारे २,२०० लिटर हायड्रोजन, म्हणजे उचलण्याची ताकद जेमतेम दोन किलो. त्यात पाव किलोहूनही हलकी विजेची मोटर आणि तिला चालवणारी छोटी बॅटरी बसवलेली होती. दालनाच्या स्थिर हवेत ते सेकंदाला तीन मीटरच्या आसपास वेगाने धावले. दोन वर्षांनी, ८ ऑक्टोबर १८८३ रोजी, गास्तों आणि त्याचा भाऊ आल्बेर माणसे नेणारे मोठे विजेरी एअरशिप घेऊन उघड्यावर गेले. त्याचाही वेग साधारण तेवढाच होता. दालनात ज्या वेगाने यंत्र हवे तिकडे जात होते, त्याच वेगात ते बाहेर वाऱ्याकडे तोंड करून काही काळ जागच्या जागी उभे राहू शकले, एवढेच. यंत्रात खोट नव्हती, फरक फक्त सभोवतालच्या हवेचा होता. त्याआधी १८५२ मध्ये आंरी जिफार वाफेच्या इंजिनावर पॅरिसपासून सुमारे २७ किलोमीटर गेला, पण वाऱ्यामुळे त्याला परत येता आले नाही. १८८४ मध्ये रनार आणि क्रेब्ज यांचे ‘ला फ्रांस’ निघाल्या जागी परतले, ते शांत हवेचा दिवस धरून. काउंट झेपेलिनने आपले पहिले अवाढव्य जहाज ठेवण्यासाठी बोडन सरोवरात तरंगती शेड बांधली, कारण ती वाऱ्याच्या दिशेने फिरवता येत असे. जहाज उडवायच्या आधी त्याच्या घराला वाऱ्यासमोर वळावे लागत होते.

पुढच्या मोठ्या अपघातांकडे पाहिले की हेच दिसते. अमेरिकेने हिंडेनबर्गच्या कितीतरी आधी हायड्रोजन सोडून न पेटणारा हेलियम घेतला होता. तरी ‘शेनांडोआ’ सप्टेंबर १९२५ मध्ये ओहायोवरच्या वादळात मोडले, ‘अ‍ॅक्रन’ एप्रिल १९३३ मध्ये अटलांटिकच्या वादळात समुद्रात गेले आणि त्यातली ७३ माणसे मेली. हिंडेनबर्गच्या दुपटीहून हा आकडा मोठा आहे. चित्रफीत मात्र हिंडेनबर्गची आहे, म्हणून स्मरणात तेच राहिले. ब्रिटिशांचे आर-१०१ कराचीला निघाले होते. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि कराचीत त्यासाठी प्रचंड हँगर उभारून ठेवलेले होते. ५ ऑक्टोबर १९३० रोजी पाऊस-वाऱ्यात ते फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळले आणि ४८ जण गेले. आग तिथेही लागली, पण जमिनीवर आदळल्यानंतर. त्याच्या वायुपिशव्यांचे अस्तर बैलाच्या आतड्यातल्या पातळ पापुद्र्याचे होते, सोन्याचा वर्ख ठोकताना वापरतात तेच. या पिशव्या सांगाड्याला घासून झिजत आणि गळत. काव्हालोचा प्रश्न दीडशे वर्षांनी पुन्हा दारात उभा होता.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की एअरशिप मागे पडले ते विमानामुळे, वाऱ्याचे निमित्त कशाला? विमानाने त्याला हरवले हे खरेच. पण वेगवान विमान वारा कापून जाते आणि एअरशिप आपल्या प्रचंड अंगावर तो झेलते, हेच त्या पराभवाचे एक मोठे कारण आहे. दुसरा आक्षेप अधिक खोलवर जातो. आकार वाढला की पृष्ठभाग वर्गाने वाढतो आणि उचलण्याची ताकद घनाने, मग या वाहनाला निसर्गतः मोठेपणच मानवते. लहान ब्लिंप त्या नियमाच्या विरुद्ध जातो. हे मला मान्य आहे. एक लिटर हेलियम साधारण एक ग्रॅम उचलतो, त्यात पिशवीचे स्वतःचे वजन आले, म्हणून शंभर लिटरच्या ब्लिंपमध्ये मोटर आणि बॅटरीला थोडेच ग्रॅम उरतात. पण हा नियम किती ओझे उचलता येईल ते सांगतो. यंत्र आपल्या ताब्यात राहील का, हे तो सांगत नाही. तो ताबा १९१० मध्ये लंडनच्या हिपोड्रोम नाट्यगृहात रेमंड फिलिप्सने दाखवला. सुमारे सहा मीटरचे एअरशिप त्याने रंगमंचावरून बिनतारी संदेशांनी प्रेक्षकांच्या डोक्यावरून फिरवले. हे यंत्र युद्धात बॉम्ब टाकेल असा त्याचा दावा होता. तसे काही झाले नाही. नाट्यगृहातला खेळ मात्र टिकला, आणि आज क्रीडागृहांतून फिरणारे जाहिरातींचे ब्लिंप तोच करतात.

घरातल्या ब्लिंपची निगा पाहिली तर जुन्या कप्तानांचीच कामे तिथे दिसतात. आतड्याच्या पापुद्र्याची जागा अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेल्या पॉलिएस्टर फिल्मने घेतली आहे. याच जातीच्या फिल्मचा तीस मीटर व्यासाचा ‘एको-१’ उपग्रह १९६० मध्ये अवकाशात फुगवला गेला होता. रबरी फुगा एक-दोन दिवसांत मरगळतो, ही पिशवी मात्र कित्येक दिवस तग धरते. तिच्या सुरकुत्या जातील इतपतच भरायची, ताणायची नाही, नाहीतर शिवण उसवते. मग खाली चिकणमातीचे कण लावत जायचे. पंखे थांबलेले असताना ब्लिंप अगदी सावकाश खाली येऊ लागला की वजन जमले. रोज थोडा वायू झिरपतो, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यातला एखादा कण काढावा लागतो. खिडकीतून ऊन पडले की आतला वायू खोलीच्या हवेपेक्षा तापतो आणि ब्लिंप छताला जाऊन बसतो. उन्हाने वर चढणाऱ्या जहाजातून वायू सोडायचा की नाही, हा झेपेलिनच्या कप्तानांनाही पडणारा पेच होता. आणि आपल्याकडे छताचा पंखा चालू राहिला तर खोलीतही वादळ तयार असते.

तिसरा आक्षेप हेलियमच्या नासाडीचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात गुंटूरला जमलेल्या दुर्बिणींतून सूर्याच्या प्रकाशात ज्याची पिवळी रेषा दिसली, तो हा वायू. विजयदुर्गावर याच तारखेला हेलियम दिन साजरा होतो आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयरने तिथल्या ‘साहेबाच्या कट्ट्या’वरून हेलियमची ही रेषा पाहिली असे सांगतात. लॉकयरचे निरीक्षण मात्र त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून झाले होते. हवेत सुटलेला हेलियम परत हाती लागत नाही आणि एमआरआय यंत्राचे चुंबक थंड ठेवायला तो लागतो. वाढदिवसाला भरून सोडून दिलेल्या फुग्यांबाबत ही तक्रार पूर्ण खरी आहे. ब्लिंपमध्ये तोच वायू आठवड्यामागून आठवडे वापरता येतो, गळेल तेवढाच भरावा लागतो, भोक पडले तर चिकटपट्टीने बुजवता येते. अट एकच, त्याला गच्चीवर किंवा अंगणात न्यायचे नाही. साधी झुळूकही त्याच्या मोटरींना पुरून उरते. धातूचा थर असलेली ही फिल्म विजेच्या तारांना अडकली तर शॉर्ट सर्किट होऊन अख्ख्या वस्तीचे दिवे जाऊ शकतात.