शरद ऋतूतील परसबाग

शरद ऋतूतील परसबाग म्हणजे पावसाळा संपताना, साधारणतः सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात, घराभोवतीच्या जागेत फुलवलेली भाजीपाला व फुलझाडांची बाग होय. आश्विन व कार्तिक हे शरद ऋतूचे महिने मानले जातात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळसारख्या अवर्षणप्रवण भागात या बागेचे यश मुख्यतः जमिनीतील ओल किती काळ टिकते यावर अवलंबून असते.

जमीन व हवामान

वेरूळची लेणी ज्या बेसाल्ट खडकात कोरलेली आहेत, त्याच खडकाच्या झिजेतून या परिसरातील काळी माती तयार झाली आहे. ही माती ओल धरून ठेवते. डोंगरउतारावरील उथळ, मुरमाड जमीन मात्र लवकर सुकते. ऑक्टोबरमध्ये मोसमी पाऊस माघारी फिरल्यावर आकाश निरभ्र होते व दिवसाचे तापमान वाढते. ‘ऑक्टोबर हीट’ या नावाने ओळखला जाणारा हा काळ कोवळ्या रोपांना कठीण जातो. नोव्हेंबरपासून थंडी वाढते.

भाजीपाला

मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, मुळा व गाजर यांचे बी थेट वाफ्यात पेरतात. पेरणीपूर्वी धणे रगडून त्यांचे दोन भाग केल्यास उगवण चांगली होते. मेथी सुमारे एका महिन्यात काढणीस येते. थोड्या थोड्या दिवसांनी एकेक वाफा पेरल्यास भाजी सलग मिळत राहते. कोबी, फुलकोबी, टोमॅटो व वांगी यांची रोपे गादीवाफ्यावर तयार करून ३ ते ५ आठवड्यांनी संध्याकाळी लावतात. लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावतात. वाटाणा, गाजर व वांगी ही या हंगामातील पिके जानेवारीत भोगीच्या भाजीत वापरली जातात.

फुलझाडे

झेंडू मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील असला, तरी दसरा-दिवाळीच्या तोरणांत त्याला प्रमुख स्थान आहे. लावणीनंतर सुमारे दोन महिन्यांनी तो फुलतो. हे सण चांद्र पंचांगानुसार येत असल्याने त्यांच्या तारखा दरवर्षी बदलतात. त्यामुळे लावणीचा दिवस सणापासून मागे मोजून ठरवतात. शेवंती दिवस लहान होऊ लागल्यावर कळ्या धरते. तिच्याजवळ रात्रभर दिवा जळत राहिल्यास फुलोरा लांबतो.

पाणी व पीक संरक्षण

पाऊस थांबताच वाफ्यांवर वाळलेले गवत किंवा पालापाचोळा पसरल्यास बाष्पीभवन घटते. खुरपणीमुळे तण निघते व काळ्या मातीच्या भेगा बुजतात. सकाळी किंवा संध्याकाळी पाणी देणे हितकारक असते. परंतु पाणी साचल्यास रोपे बुडापासून कुजून कोलमडतात. मावा व इतर रसशोषक किडींवर ५ टक्के निंबोळी अर्क फवारतात. कोबीच्या कडेने मोहरी पेरल्यास चौकोनी ठिपक्यांचा पतंग तिच्याकडे आकर्षित होतो. झेंडूच्या मुळांतील द्रव्यांमुळे जमिनीतील काही सूत्रकृमींचे प्रमाण कमी होते. म्हणून टोमॅटो व वांग्याच्या वाफ्यांत तो मिश्रपीक म्हणून लावला जातो.