कलम 18 ची कुळकथा

कंपनी सरकारने 1850 मध्ये शिकाऊंसाठी कायदा केला, तो मुख्यतः अनाथ आणि गोरगरिबांच्या पोरांच्या हाताला काही धंदा लागावा म्हणून. दहा ते अठरा वर्षांचे मूल बापाने किंवा पालकाने करार करून मालकाच्या हवाली करायचे. मुदत जास्तीत जास्त सात वर्षे. मुलगी असेल, तर लग्न झाले की करार संपला! किमान वेतन नावाची गोष्टच तेव्हा नव्हती, त्यामुळे सूट कशातून द्यायची हा प्रश्नही नव्हता.

1948 मध्ये किमान वेतन कायदा आला. त्याने शिकाऊंना बाहेर ठेवले नव्हते, हे आज फारसे कुणाच्या लक्षात नाही. प्रौढ, किशोर, बालक आणि शिकाऊ यांचे दर वेगवेगळे ठरवता येतील, एवढीच मुभा कलम 3 मध्ये होती.

दार बंद केले ते 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने. त्याचे कलम 18 सांगते की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. कामगार कायदे त्याला लागू नाहीत. वेतनाऐवजी त्याला मिळणार विद्यावेतन. गंमत अशी, की याच कायद्याचे कलम 14 कारखान्यातील आरोग्य आणि सुरक्षेपुरते त्याला कामगारच धरायला लावते. आणि कलम 16 नुसार लेथवर बोट गेले, तर भरपाईही कामगाराप्रमाणेच! अपघाताच्या दिवशी कामगार आणि पगाराच्या दिवशी विद्यार्थी, असा हा मामला. 1975 मध्ये टेल्कोच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही, कर्मचारी राज्य विमा कायद्यापुरते का होईना, शिकाऊ म्हणजे कर्मचारी नव्हे असेच ठरवले.

शिकाऊ माल बिघडवतो, जुन्या कारागिराचा वेळ खातो, असे मालक म्हणतात. सुरुवातीचे काही महिने ते खरेही असते. पण हात बसल्यावर काय? 2014 च्या नियमांनी याचा विचार केला: अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाच्या पहिल्या वर्षी 70, दुसऱ्या वर्षी 80 आणि तिसऱ्या वर्षी 90 टक्के विद्यावेतन. या साऱ्या इतिहासातली शहाणी म्हणावी अशी तरतूद हीच. ती जेमतेम पाच वर्षे टिकली. 2019 मध्ये किमान वेतनाशी घातलेली गाठ सुटली आणि शिक्षणानुसार महिना 5,000 ते 9,000 रुपये असे ठोक किमान आकडे आले. त्याच वर्षीच्या वेतन संहितेनेही शिकाऊला कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून वगळले.

मात्र ही वगळणूक 1961 च्या कायद्याखाली घेतलेल्या उमेदवारापुरतीच आहे. गळ्यात 'ट्रेनी'चे ओळखपत्र अडकवून थेट लाइनवर उभे केलेल्या पोराला ती आपोआप लागू होत नाही. घरातले कुणी असे लागले असेल, तर पगाराचा आकडा विचारण्याआधी एवढे विचारा: करार झालाय का, आणि त्याची नोंदणी झालीय का?