मोटारसायकलचें इंजिन आणि गिऱ्हाइकाचें इमान

वाशिम जिल्ह्यांतील रिसोड गांवास आगगाडी नाहीं. वाशिमचें स्टेशन गाठावयाचें असो, लोणार-मेहकराकडे जावयाचें असो, किंवा पेरणीच्या दिवसांत काळ्या रानांतून बियाण्याचें पोतें न्यावयाचें असो, सारी भिस्त सडकेवर आणि बहुतेकांची दोन चाकांवर. अशा गांवांत मोटारसायकल ही शोभेची वस्तु नव्हे. ती घरांतील एक कमावतें माणूसच होय. म्हणून बापानें जी गाडी वापरली तीच मुलानें घ्यावी, शेजाऱ्यानें कितीहि सांगितलें तरी दुसरीकडे वळूं नये, असा जो हट्ट ठिकठिकाणीं दिसतो, त्यास निव्वळ हौस म्हणून सोडून देतां येत नाहीं. हें इमान कारखान्याशीं असतें, नांवाशीं असतें, कीं इंजिनाशीं?

बुलेटचें उदाहरण घ्यावें. इंग्लंडांतील रेडिच येथल्या एनफील्ड कारखान्यानें १९३० नंतर लवकरच हें नांव आपल्या गाडीस दिलें. स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेनें गस्तीसाठीं ३५० सीसीच्या ८०० गाड्या मागविल्या, आणि १९५५ सालीं मद्रासेस एनफील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. प्रथम विलायतेहून भाग येत व येथें जोडले जात. पुढें सारे भाग येथेंच होऊं लागले. १९६७ सालीं रेडिचचा कारखाना बंद पडला. माहेर बुडालें आणि मुलगी मात्र सासरीं सुखानें नांदत राहिली, असा हा प्रकार! १९७७ पासून तर मद्रासची बुलेट इंग्लंडांत विकावयास जाऊं लागली.

तिच्या इंजिनाची घडण साधी होती. सिलेंडरचा व्यास ७० मिलिमीटर, परंतु आंतील दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर. त्यास जोडलेलें जड चाक एकदां फिरूं लागलें कीं सहजीं थांबत नसे. त्यामुळें इंजिन सावकाश फिरत असतांहि चढावर व चिखलांत ओझें ओढी, आणि दोन स्फोटांमधील अंतर इतकें राही कीं प्रत्येक ठोका कानास वेगळा ऐकूं येई. ज्या आवाजास लोक बुलेटची ऐट म्हणतात, तो मुळांत या मापांचा परिणाम आहे. गाडींत दोषहि होते. तेल गळे, किक उलटून पायास मार बसे, आणि गिअर उजव्या पायाखालीं असल्यामुळें नवख्यास ती चालवितां येत नसे. तथापि या दोषांनींच मालकास गाडीशीं बांधून टाकिलें. जी विद्या कष्टानें साधली ती टाकून दुसरी शिकण्यास माणूस सहसा राजी नसतो. गांवच्या मिस्त्रीचीहि गत तीच. एकच इंजिन शंभर वेळां उघडून ज्याच्या हातास तें पाठ झालें, तो गिऱ्हाइकास दुसरी गाडी घ्या म्हणून कशाला सांगेल? गिऱ्हाइकाच्या इमानांत मिस्त्रीच्या इमानाचा वांटा फार मोठा असतो. जाहिरात करणारांच्या हें क्वचितच ध्यानांत येतें.

या इमानाची खरी परीक्षा २००८ ते २०१० या काळांत झाली. धुराचे नियम कडक झाले, आणि बिडाच्या जुन्या इंजिनाच्या जागीं गिअरपेटीसह एकसंध असें नवें इंजिन आलें. गिअर डाव्या पायाखालीं गेला. कारखान्यानें ७० व ९० हीं मापें मात्र तशींच राखिलीं. जुने मालक कुरकुरले कीं ठोका हरवला. आणि त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. परंतु विक्री घटली नाहीं, उलट पुढील दहा वर्षांत ती कित्येक पटींनीं वाढली. २०२० मध्यें आणखी एक नवें इंजिन आलें, त्यांत तीं मापेंहि बदललीं. गिऱ्हाईक तरीहि टिकलें. जुन्या मालकाचें इमान हातानें कमावलेलें होतें. नव्याचें पुष्कळसें ऐकीव आहे. दोहोंस एकच नांव देणें फारसें न्यायाचें नाहीं.

जावा-येझदीची कथा याहून करुण आहे. चेकोस्लोव्हाकियांतील जावाच्या परवान्यावर म्हैसूरच्या कारखान्यांतून १९६१ पासून गाड्या निघूं लागल्या. पुढें त्यांस येझदी हें नांव मिळालें. एकाच सिलेंडरला धूर सोडणाऱ्या दोन नळ्या, आणि किकचा दांडाच पुढें लवविला कीं तोच गिअरचा दांडा, अशी तिची गंमत. इंजिनांत झडपा नाहींत, पेट्रोलांत तेल मिसळावयाचें. १९९६ सालीं कारखाना बंद पडला. तरी ज्यांच्या घरीं ती गाडी होती, त्यांपैकीं अनेकांनीं सुटे भाग हुडकून ती चालती ठेविली. २०१८ सालीं मुंबईच्या महिंद्र समूहाच्या पाठबळानें जावा परत आली. येझदीहि २०२२ मध्यें आली. आतां जावाचें इंजिन चार टप्प्यांचें, पाण्यानें थंड होणारें. नळ्या मात्र दोनच ठेविल्या. त्या इंजिनास हव्या होत्या कीं गिऱ्हाइकाच्या आठवणीस, हें सांगावयास नकोच.

शेतकऱ्याच्या दारीं या दोहोंपेक्षां अधिक दिसते ती १९९४ सालची स्प्लेंडर. तिचें ९७.२ सीसीचें इंजिन होंडाच्या घराण्यांतलें. तिजविषयीं कोणी कविता करीत नाहीं. पेट्रोल कमी जाळते आणि भाग कोठेंहि मिळतात, एवढेंच बोलतात. डिसेंबर २०१० मध्यें हिरो व होंडा यांनीं विभक्त होण्याचें ठरविलें, टाकीवरील नांव बदललें, इंजिन तेंच राहिलें, आणि गिऱ्हाईक हललें नाहीं.

याच्या अगदीं उलट गोष्ट आकुर्डीच्या बजाज कारखान्यांत घडली. तेथील १९७२ ची चेतक ही मोटारसायकल नव्हे, स्कूटर. परंतु तिजसाठीं मध्यमवर्गीय कुटुंबें नोंदणी करून वर्षानुवर्षें वाट पाहत. २००९ च्या अखेरीस बजाजनें स्कूटर करणेंच सोडण्याचें जाहीर केलें, आणि २०२० सालीं चेतक परत आली ती विजेवर. आतां तिच्यांत पेट्रोल नाहीं, दट्ट्या नाहीं, आणि सकाळीं अंगणांत गाडी एका अंगास कलवून किक मारणेंहि नाहीं. नांव मात्र तेंच आहे, आणि अंग पत्र्याचेंच ठेविलें आहे.