गाडीचा स्लो

आजचा विषय वाचून घरचे हसणार आहेत. ज्याने जन्मात स्कूटरच्या पुढे काही चालवलं नाही, आणि त्या स्कूटरचा प्लग साफ करायलाही शेजारच्या पोराला हाक मारली, त्याने मोटारीच्या इंजिनावर लिहावं म्हणजे कमालच! पण गेल्या महिन्यात मी तीन दुपारी एका गॅरेजमध्ये लोखंडी स्टुलावर बसून काढल्या. तिथं जे पाहिलं, ऐकलं ते काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून हा उद्योग.

झालं असं की पुतण्याने गोव्याहून एक जुनी गाडी आणली. दोनच माणसांची, बुटकी, टप उघडणारी. "काका, ही स्पोर्ट्स कार आहे," तो म्हणाला. आमच्या हिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आणि डबे कुठे ठेवायचे?" असो.

गाडीचं नाव सॅन स्टॉर्म. नाव परदेशी वाटलं तरी ही बाई गोव्याची. बंगळूरच्या सॅन इंजिनिअरिंग या रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीच्या मंडळींनी १९९८ च्या सुमारास गोव्यात वेर्ण्याला ही गाडी बनवायला घेतली. बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचं, ११४९ सीसी, साठेक अश्वशक्तीचं. आजच्या मानाने ही शक्ती काहीच नाही, पण गाडी वजनाला हलकी. ज्या देशात गाडी म्हणजे सासू-सासरे, मुलं आणि वळकट्या एवढं सगळं मावणारी वस्तू, तिथं दोन जणांची गाडी विकायचं धाडस त्यांनी केलं. फार गाड्या बनल्या नाहीत, आणि पुढे उत्पादनही बंद झालं. पण जे केलं त्याचं मला कौतुक वाटतं.

तर ही गाडी आंबोली घाट चढून, आजरा-गडहिंग्लज करत इचलकरंजीत आली आणि तिचं दुखणं कळलं. गाडी पळायला छान. पण मलाबादे चौकात थांबली की पाय काढला तरी इंजिन रेस केल्यासारखं ओरडायचं. आजूबाजूचे लोक वळून बघायचे. मेकॅनिक लोकांच्या भाषेत, गाडीचा 'स्लो' बसत नव्हता.

स्लो म्हणजे काय, हे मला सत्तरीनंतर कळलं. गाडी उभी आहे, पाय पेडलवर नाही, तरी इंजिन मिनिटाला साताठशे फेऱ्यांनी शांत चालू राहतं, तो स्लो. मला वाटायचं, न पळता नुसतं चालू राहण्यात काय अवघड? पण तेच सगळ्यात अवघड. पळताना हवा भरपूर, पेट्रोल भरपूर, थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जातं. उभं असताना इंजिन जेमतेम श्वासावर जगत असतं. तिथं चिमूटभर हवा जास्त झाली तरी तोल जातो.

हा तोल सांभाळायचा इतिहास मोठा आहे. जेम्स वॅटने १७८८ मध्ये आपल्या वाफेच्या इंजिनाला दोन फिरते गोळे बसवले. इंजिन जोरात फिरलं की गोळे बाहेर फेकले जायचे आणि वाफेची झडप मिटत जायची, मंदावलं की उलट. आपल्याकडे गुऱ्हाळावर ऑइल इंजिनं धडधडत असत (त्यातली कितीतरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनलेली), त्यांनाही याच कुळातला गव्हर्नर असे. पुढे पेट्रोल इंजिन आलं. पेट्रोलचा फवारा हवेत मिसळून देणारा कार्बोरेटर विल्हेल्म मेबॅक या जर्मन माणसाने १८९३ मध्ये तयार केला. हे नाव कोल्हापूरकरांना नवं नाही. दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची जी जुनी रुबाबदार मेबॅक गाडी निघते, ती त्याच्या आणि त्याच्या मुलाच्या कंपनीची. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ती पाहिल्याचं मला आठवतं. त्या नावाचा आणि आमच्या स्कूटरच्या कार्बोरेटरचा असा संबंध असेल हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर विज्ञानात बरे मार्क पडले असते.

कार्बोरेटरला दोन स्क्रू. एक पाय काढल्यावर हवेची झडप किती उघडी राहावी याचा, दुसरा मिश्रणाचा. फियाट असो की अँबॅसेडर, चांगला मिस्त्री स्क्रूड्रायव्हर लावायचा, मान तिरकी करायचा, पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि इंजिन गुरगुरायचं थांबून मांजरासारखं बसायचं. आपल्या गावात ही मान तिरकी करण्याची विद्या घरोघर होती. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या गावाचे कान आवाजातच वाढले. खटखटीत एक ठोका चुकला की झोपेतला माणूस उठून मागाकडे जायचा.

मग इंजेक्शन आलं. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल या पंख्यासारखी दारं उघडणाऱ्या गाडीत पेट्रोल पंपाने थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई. गंमत म्हणजे चावी बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत तो पंप पेट्रोल मारतच राही आणि ते खाली ऑइलमध्ये उतरे. पंपाला डोकं नव्हतं, हेच खरं. डोकं आलं १९६७ मध्ये. बॉश कंपनीची 'डी-जेट्रॉनिक' ही पद्धत फोक्सवॅगनच्या गाडीत बसली. यातला 'डी' म्हणजे द्रुक, जर्मन भाषेत दाब. इंजिन हवा ओढतं तेव्हा आतल्या नळकांड्यात पोकळी तयार होते. तिथला दाब मोजायचा, त्यावरून हवा किती गेली याचा हिशेब करायचा आणि तेवढंच पेट्रोल सोडायचं. त्या पिढीच्या गाड्यांत झडपेला वळसा घालून जाणारी हवेची एक बारीक वाट असे आणि स्लोचा स्क्रू त्या वाटेवर असे. पुढे तोही स्क्रू गेला. त्या जागी एक छोटी मोटर आली, जी कॉम्प्युटरच्या हुकमाने वाट कमी-जास्त उघडते. आपल्याकडे एप्रिल २००० पासून धुराचे नवे नियम देशभर लागू झाले आणि बघता बघता नव्या मोटारींतून कार्बोरेटर नाहीसा झाला. २०२० मध्ये नव्या मोटरसायकलींतूनही गेला.

वेर्ण्याच्या या गाडीत दाब मोजणारा सेन्सर आहे आणि ती छोटी मोटरही आहे. हवेच्या झडपेला टेकायचा एक स्क्रू आहे, पण तो फिरवण्यासाठी नाही. तो कारखान्यात एकदा बसवलेला असतो. एका गॅरेजवाल्याने (नाव लिहीत नाही, बिचाऱ्याची नियत वाईट नव्हती) तोच पिळून ठेवला होता. दुसऱ्या एकाने गाडी न उघडताच "कॉम्प्युटर गेलाय, नवीन टाका" सांगून आकडाही सांगितला. पुतण्याचा चेहरा उतरला.

शेवटी मी त्याला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे घेऊन गेलो. विद्यार्थी म्हणजे आता पंचावन्नचा, मिशा पांढऱ्या. त्याच्याकडे स्कॅनर आहे, पण त्या यंत्राला या जुन्या गाडीची भाषा कळेना. त्याने ते बाजूला ठेवलं आणि सगळ्यात आधी तो पिळलेला स्क्रू मूळ जागी आणला. झालं! गाडी आणखी बिघडली. इंजिन अठराशेवर चढे, धाडकन खाली येई, पुन्हा चढे. दमेकऱ्याला धाप लागावी तसं. पुतण्या म्हणाला, "अहो, हे तर आधीपेक्षा वाईट झालं!"

तो हसला. "आता खरं बोलाय लागली. स्क्रू पिळून तिचं तोंड बंद केलं हुतं कुणीतरी. आवाज थांबला, पर दुखणं तसंच हाय की आत."

मग त्याने जे समजावलं ते असं. इंजिनाला जी हवा मिळायची ती झडपेतून आणि त्या छोट्या वाटेतूनच मिळायला हवी. तिसरीकडूनच कुठून हवा आत शिरली, की दाब बदलतो. कॉम्प्युटरला वाटतं हवा वाढली, तो पेट्रोल वाढवतो. फेरे चढतात. मग तो मोटरला सांगतो, वाट बंद कर. पण चोरवाट त्याच्या हातात नाही, फेरे उतरत नाहीत. पाय पेडलवर नसताना इतके फेरे, म्हणजे गाडी उतारावर असणार, असं समजून तो पेट्रोलच तोडतो. फेरे कोसळतात, तो घाबरून पेट्रोल पुन्हा सोडतो. चढ-उतार, चढ-उतार. कॉम्प्युटर वेडा नव्हता. त्याला मिळालेल्या माहितीवर तो शहाण्यासारखाच वागत होता. इंजिन थंड असताना त्याला जास्तीची हवा लागतेच, म्हणून पहाटे हे दुखणं लपे आणि गरम झाल्यावर वर येई.

"कुठंतरी हवा घेतीया," तो म्हणाला. हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून हळूहळू फिरवलं. डॉक्टर छाती तपासतात तसं. आम्ही गप्प. एके ठिकाणी थांबला, मला म्हणाला, "सर, ऐका." मी कान लावला. बारीक 'श्श्श' असा आवाज. मग त्याने पक्कड घेऊन इंजिनाच्या पोटातल्या वाफा परत आत नेणारी एक रबरी नळी अलगद दाबली. त्या क्षणी धाप थांबली. सोडली, सुरू. दाबली, बंद. नळी काढून वाकवली तर खालच्या अंगाला, जिथं नजर जात नाही तिथं, बोटभर चीर. पंचवीसेक वर्षं उष्णता सोसून रबर तडकलं होतं. दोष ना गाडीचा, ना कॉम्प्युटरचा. वयाचा. (हे मी समजू शकतो.)

नवी नळी बसली. त्याने हवेच्या झडपेवरची काजळी पुसली, छोट्या मोटरच्या टोकावरचा कार्बन काढला, बॅटरीची वायर काही वेळ काढून परत लावली आणि गाडी दहा मिनिटं नुसती चालू ठेवली. "तिला परत शिकू द्या," म्हणाला. काटा आठशेच्या आत येऊन थांबला आणि तिथंच राहिला. नळीचे आणि मजुरीचे मिळून जे पैसे झाले, ते मी इथं लिहिले तर दुसऱ्या गॅरेजवाल्याला लाज वाटेल.

इथं खरं तर लेख संपायला हवा. पण मला जे सांगायचं आहे ते पुढेच आहे.

चहा पिताना मी सहज म्हणालो, "अरे, नववीत तू वर्गात कायम झोपायचास. इतकं लक्ष देऊन ऐकताना तुला आज पहिल्यांदा बघतोय." तो हसून म्हणाला, "तवा रात्रपाळी असायची की सर. वडलांचा हात मागात गेला हुता. दोन माग मीच बघायचो पहाटेपतोर."

मला आठवलं. मी त्याला बाकावर उभा करायचो, छड्याही मारल्या होत्या. नंतर तो झोपायचा बंद झाला होता, आणि माझ्या छडीला गुण आला असं मी शिक्षक-खोलीत अभिमानाने सांगितलंही होतं. डोळे उघडे ठेवून तो कसाबसा बसायचा. दिवाळीनंतर शाळेतच यायचा बंद झाला. मी हजेरीपटावर लाल रेघ ओढली.

पस्तीस वर्षं मी मुलांना फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे लिहा, पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा, असे प्रश्न घातले. पाच मार्कांना पाच कारणं. तात्कालिक कारण वेगळं, खरं कारण वेगळं, हे फळ्यावर खडूने अधोरेखित करून शिकवलं. आणि तिसऱ्या बाकावरचा मुलगा का झोपतो, याचं एकसुद्धा कारण मी त्याला विचारलं नाही. स्क्रू पिळला. वर्ग शांत झाला. मला वाटलं, बसला स्लो.

मी त्याला तसं म्हणालो. फार काही बोलता आलं नाही, "चुकलंच माझं" एवढंच. त्याने कप विसळला आणि म्हणाला, "तवा समदेच मारायचे सर. त्यात काय एवढं." मग पुतण्याकडे वळून, "वर्षातनं एकदा समद्या नळ्या हातानं दाबून बघत जावा. कडक लागली की बदला. तडकायची वाट बघू नका."

परत येताना पुतण्याने टप उघडला होता. शाहू पुतळ्याजवळ गर्दीत थांबलो. गाडी इतकी शांत होती की बंद पडली की काय असं वाटून मी काटा बघितला. आठशेच्या आत, स्थिर. पुतण्या खुशीत शीळ घालत होता. मी मात्र लाल रेघा ओढलेली बाकीची नावं आठवत होतो. चार आठवली. त्यातले दोघं गावातच आहेत असं कळतं. या आठवड्यात जाऊन येणार आहे.