निळ्या पेटीची कुळकथा

आमची आई सांगलीला असते. वय ८६. दिवसभर सोबतीला एक बाई असतात, रात्री मात्र ती एकटी. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी ती घसरली आणि पहाटे दूधवाला येईपर्यंत तिथंच पडून राहिली. मग आम्हा भावंडांचं ठरलं, खोलीत कॅमेरा बसवायचा. बसवणारा मुलगा चटपटीत होता. अर्ध्या तासात काम उरकून म्हणाला, "मॅडम, आता जगात कुठूनही दिसेल."

तो अगदी खरं बोलला होता. चार महिन्यांनी माझा भाचा पुण्याला आला. त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर आईच्या घरच्या जोडणीचा क्रमांक टाकला, कारखान्यातून आलेला पासवर्ड टाकला आणि म्हणाला, "मावशी, हे बघ." पडद्यावर त्याची आजी जप करत बसली होती.

झालं होतं ते असं. घरातल्या राउटरमधलं एक दार त्या मुलानं कॅमेऱ्यासाठी कायमचं उघडं ठेवलं होतं आणि पासवर्ड बदलला नव्हता. असे उघडे कॅमेरे जगात लाखांनी आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमनं कारखान्याचेच पासवर्ड वापरून असले कॅमेरे ताब्यात घेतले आणि त्यांच्या फौजेनं अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळं काही तास बंद पाडली.

यावर उपाय एकच, तो म्हणजे दार बंद करायचं आणि आपल्यापुरती एक खासगी वाट काढायची. तिलाच व्हीपीएन म्हणतात. बाहेरून येणारा माणूस आधी राउटरला स्वतःची किल्ली दाखवतो. ती पटली तरच त्याच्या फोनपासून घरापर्यंत एक कुलूपबंद बोगदा तयार होतो आणि फोन जणू घरातच आहे, असं घरातली यंत्रं धरून चालतात.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे, तेव्हा हे काम माझ्याकडेच आलं. दुकानात गेले. दुकानदारानं खोक्यावर बोट ठेवलं, "हे काय, व्हीपीएन लिहिलंय ना!" लिहिलं होतं 'व्हीपीएन पास-थ्रू'. या दोन शब्दांनी कित्येक जण फसले असतील. ते खोक्यावर का छापतात, हे कळायला तीस वर्षं मागं जावं लागतं.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक क्रमांकाचा पत्ता लागतो आणि हे पत्ते पुरणार नाहीत, हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं होतं. १९९४ च्या मे महिन्यात एक तोडगा प्रसिद्ध झाला. साऱ्या घराला बाहेरचा एकच पत्ता, आत हवी तितकी यंत्रं. राउटर हा सोसायटीचा वॉचमन. बाहेर जाणाऱ्या पत्रावर तो सोसायटीचा पत्ता घालतो, कुठल्या फ्लॅटचं ते वहीत टिपतो आणि उत्तर आलं की त्या फ्लॅटला पोचवतो.

दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, मायक्रोसॉफ्ट आणि तिच्या जोडीदार कंपन्यांनी व्हीपीएनची पीपीटीपी नावाची पद्धत आणली. घरच्या संगणकावरून थेट कचेरीत! पण या पद्धतीच्या लखोट्यावर फ्लॅट नंबर लिहायला जागाच नव्हती. उत्तर आलं की वॉचमन वही चाळत बसायचा. म्हणून राउटरवाल्यांनी त्याला एक जादा सूचना शिकवली: असला लखोटा दिसला की अडवू नकोस, जाऊ दे. हेच ते पास-थ्रू. म्हणजे दुसऱ्याचा लखोटा जाऊ देणं. ही पेटी स्वतः बोगदा काढत नाही. आणि पीपीटीपीचं म्हणाल, तर तिच्यातले दोष १९९८ मध्येच दाखवले गेले होते. २०१२ मध्ये तर तिचं कुलूप एका दिवसाच्या आत उघडता येतं, हेही सिद्ध झालं. छापील शब्द मात्र खोक्यावर राहिले ते राहिलेच.

मग घरगुती पेटी स्वतः बोगदा काढायला शिकली कशी? ही कथा एका निळ्या पेटीची आहे. लिंक्सिस ही कॅलिफोर्नियातली कंपनी. तैवानहून आलेल्या एका जोडप्यानं ती १९८८ मध्ये सुरू केली होती. २००२ च्या अखेरीस तिनं 'डब्ल्यूआरटी ५४ जी' नावाचा, निळ्या तोंडाचा आणि दोन अँटेनांचा राउटर बाजारात आणला. पुढच्याच मार्चमध्ये सिस्कोनं सुमारे ५० कोटी डॉलरना कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं. आणि २००३ च्या जूनमध्ये लिनक्सच्या जाणकारांना शोध लागला की या पेटीच्या आत आपलंच लिनक्स चालतंय.

आता लिनक्स फुकट असलं तरी त्याला परवाना आहे आणि त्या परवान्यात एक अट आहे. याच्या आधारे केलेली वस्तू दुसऱ्याला द्याल, तर तिचा मूळ प्रोग्रॅमही मागेल त्याला दिला पाहिजे. कंपनीनं तो दिला नव्हता. गाजावाजा झाला आणि त्याच वर्षी तो द्यावा लागला. (त्यानंतरही कुरबुरी चालूच राहिल्या. २००८ च्या डिसेंबरात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं सिस्कोवर दावा लावला. तो २००९ मध्ये तडजोडीनं मिटला.)

एकदा प्रोग्रॅम हाती आल्यावर काय विचारता! २००४ च्या जानेवारीत 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. नावातली ती तीन अक्षरं त्या पेटीच्या नावातलीच. साध्या घरगुती पेटीत लोकांनी महागड्या यंत्रांचे गुण भरले. मला वाटतं, या कथेतला सगळ्यात बोलका भाग पुढचा आहे. २००५ च्या अखेरीस कंपनीनं पेटीची पाचवी आवृत्ती काढली. लिनक्स काढून टाकलं, साठवणीची जागा ४ मेगाबाइटवरून २ वर आणली, चालती स्मृती १६ वरून ८ वर. पैसा वाचला, पण गिऱ्हाईक चिडलं. तेव्हा जुनीच पेटी, नावात एक 'एल' वाढवून, वेगळी विकायला ठेवावी लागली. लोक ती मुद्दाम मागून घेत. विकत घेतलेल्या वस्तूचं झाकण उघडायची मुभा, हाच त्या पेटीचा गुण ठरला होता.

या पेट्यांत भरायला बोगद्याचा प्रोग्रॅमही तयार होता. जेम्स योनन हा अमेरिकी प्रोग्रॅमर मध्य आशियात फिरत असताना परक्या देशांतल्या जोडण्यांवरून कामाच्या संगणकाशी बोलत असे. वाटेत कोण कान देतंय, ही त्याला धास्ती. त्यातून मे २००१ मध्ये 'ओपनव्हीपीएन' आलं. लखोट्यावर फ्लॅट नंबर लिहायची सोय असल्यामुळे वॉचमनचीही कटकट नाही. फक्त कुलूप लावण्या-उघडण्याचं गणित जड आणि पेटीचा प्रोसेसर दुबळा, त्यामुळे तिची दमछाक व्हायची. आपल्याकडे ती जाणवत नसे म्हणा! २००४ च्या सरकारी धोरणानं ब्रॉडबँडची व्याख्याच २५६ किलोबिट अशी केली होती. मी त्या काळात एका जुन्या राउटरवर प्रयोग करताना मध्येच वीज गेली आणि त्याची वीट झाली. दाराला अडकण म्हणून तो पुढं बरीच वर्षं उपयोगी पडला.

मग २०२० चा मार्च उजाडला. १३ तारखेला दूरसंचार विभागानं घरून काम करण्यावरच्या अनामत रकमेसारख्या अटी सैल केल्या, २५ ला टाळेबंदी लागली आणि हिंजवडीतल्या कचेऱ्या कोथरूड-सांगवीच्या स्वयंपाकघरांत आल्या. त्याच महिन्याच्या २९ तारखेला लिनक्सची ५.६ ही आवृत्ती निघाली. तिच्या पोटात 'वायरगार्ड' हा नवा बोगदा होता. जेसन डोनेनफेल्डनं तो जेमतेम चार हजार ओळींत बसवला आहे. साध्या प्रोसेसरवरही तो धावतो.

म्हणून दुकानात मी अँटेना मोजल्या नाहीत. वायरगार्डचा सर्व्हर पेटीतच आहे का, आणि कंपनीनं लक्ष देणं सोडलं तर ओपनडब्ल्यूआरटी या मॉडेलवर चढतं का, एवढंच पाहिलं. (ती मूळ निळी पेटी आता या कामाची नाही. तिच्याच नावाचं ओपनडब्ल्यूआरटी आज तिच्यात मावत नाही.) विकतची व्हीपीएन सेवा मला नको होती. ती आपली वर्दळ दुसऱ्याच्या दारातून बाहेर सोडते, आपल्या घरात नेत नाही. शिवाय २०२२ च्या सरकारी आदेशानं अशा सेवांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायला सांगितलं आहे.

सांगलीत खरी अडचण निघाली ती वेगळीच. नव्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १०० नं सुरू होत होता, पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मधला. म्हणजे सोसायटीच्या वॉचमनवर गल्लीच्या तोंडाशी आणखी एक वॉचमन! पत्त्यांच्या टंचाईमुळे कंपन्या शेकडो घरांना एका पत्त्यामागं ठेवतात. मग बाहेरून हाक मारणार कुणाला? फोनाफोनी करून, वर्षाचे वेगळे पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेतला. कंपनीची पेटी ब्रिज मोडमध्ये टाकली. घरातले पत्ते १९२.१६८.१ नं सुरू होत होते, ते बदलले, कारण माझ्या पुण्याच्या घरातही तेच होते आणि दोन्हीकडे तेच असले की फोन गोंधळतो. तिघा भावंडांच्या फोनसाठी तीन वेगळ्या किल्ल्या केल्या. एखादा फोन हरवला तर तेवढीच किल्ली रद्द होईल. कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला आणि शेवटी ते जुनं दार बंद केलं.

फोनचं वायफाय बंद करून, मोबाइलच्या डेटावरून मी अंगणात उभी राहून पाहिलं. चित्र काळं. तारा तपासल्या, किल्ली तपासली, सगळं ठीक होतं. आत गेले तर कॅमेऱ्यावर आईचा पंचा.

"आता कोणाकोणाला दिसतं?" तिनं विचारलं.

"आम्हा तिघांनाच."

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तो न्हाणीघराच्या बोळाकडे फिरव. आणि रात्रीचाच ठेव."

तसा फिरवला.